जसं उघडतंय तसं

"शेटे मॅडम, प्रिंट! प्रिंट कुठंय?"

खराडे सर केबिनच्या दारातून तिसऱ्यांदा ओरडले. मुख्याध्यापक झाल्यापासून त्यांना माझ्या टेबलापर्यंत चार पावलं चालायचा कंटाळा यायचा, ओरडायचा मात्र कधी आला नाही. मी कॉम्प्युटरसमोर बसून त्या मेल्या पेंग्विनच्या चित्राकडे बघत होते. वर्ड उघडलं होतं, चौकशी अहवाल उघडला होता, आणि छापा म्हटलं की सगळं जागच्या जागी थिजत होतं. माऊस हलवा, बटणं बडवा, देवाचं नाव घ्या, काही उपयोग नाही.

"सर, अडकलंय."

"अडकलंय म्हणजे? आत सचिव बसलेत, दोन संचालक बसलेत, मुलीचे वडील बसलेत. त्यांना काय सांगू, अडकलंय म्हणून?"

मला सांगायचं होतं की हो, तसंच सांगा. ही पीडा माझ्या टेबलावर आणून ठेवली ती तुम्हीच. पण तेव्हा एवढं तोंड उघडायची सवय नव्हती.

झालं होतं असं. आमची शाळा संस्थेची, म्हणजे सचिव दादासाहेबांची. जूनमध्ये संस्थेच्या मुख्य कार्यालयातून पत्र आलं की चोरीचं विंडोज कुठल्याही शाखेत चालणार नाही. विकत घ्यायचं नाव कोणी काढेना. मग कॉम्प्युटरचे कुलदीप सर आले आणि माझ्या मशीनवर फुकटातलं, पेंग्विनच्या खुणेचं लिनक्स घालून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाखल्यांची फाइल उघडली, तर मराठीच्या जागी कोंबड्यांनी पाय उमटवावेत तशी अक्षरं. तक्ते पानाबाहेर गेलेले. संस्थेचं बोधचिन्ह पत्रावरून घसरून सहीच्या जागी बसलेलं. बावीस वर्षं मी या ऑफिसात कारकून होते, आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. आणि एका रात्रीत मी अडाणी झाले. जो तो येऊन म्हणायचा, "मॅडम, तुम्हाला जमत नाही वाटतं?"

महिनाभर शिव्या खाल्ल्यावर कुलदीप सरांनी तोड काढली. लिनक्सच्या पोटातच जुनं वर्ड चालवायचं. ज्या सोयीनं ते चालतं तिचं नाव वाइन आहे हे ऐकून खराडे सर दचकले आणि दादासाहेबांसमोर हा शब्द काढायचा नाही अशी त्यांनी ताकीदच दिली. बसवताना वर्डनं नाव विचारलं. वापरणाऱ्याचं पूर्ण नाव. त्या ऑफिसात माझं पूर्ण नाव कोणी कधी विचारलं नव्हतं. मी हौसेनं टाइप केलं, इंदुमती शेटे.

तेव्हापासून मशीनवर दोन दोन सोयी झाल्या. वाइनमधलं वर्ड, जे हुबेहूब जुन्यासारखं दिसायचं पण मनात येईल तेव्हा झोपायचं. आणि लिनक्सचं स्वतःचं लिब्रे ऑफिस, जे कधी झोपायचं नाही, पण त्यात फाइल उघडली की काय कुठं जाईल याचा नेम नाही. म्हणून त्याला कोणी हात लावायचा नाही.

"मॅडम!"

"सर, वर्डमधून छापतच नाही. दुसऱ्यातून काढलं तर मांडणी हलेल."

"हलू दे! जसं उघडतंय तसं छापा, पण मला पाच मिनिटांत पाच प्रती पाहिजेत. आयुष्यभर एक काम धड करता येत नाही तुम्हाला."

दार आपटलं. आणि हे सगळं ऐकत केबिनच्या बाहेर भिंतीला टेकून श्रीपती लोहार उभा होता. त्याचीच तर बैठक होती.

श्रीपती म्हणजे आमचा प्रयोगशाळा परिचर. काचेच्या नळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्या मांडणं, शिवाय शिपाई कमी म्हणून घंटा देणं आणि सकाळी हजेरीचं मस्टर फिरवणं. मला हा माणूस कधी आवडला नाही, आत्ताच सांगून टाकते. तोंडानं फाटका. मी एकदा पेपरांचा गठ्ठा उचलायला सांगितला, तर म्हणाला, "तुमचं हात मोडल्यात काय?" सणासुदीला सगळे शिपाई येऊन पाया पडायचे, हा लांबूनच मान हलवायचा. तेव्हा पुढं मी जे केलं ते त्याच्या मायेपोटी केलं असं कोणी समजू नये.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेत नववीतल्या ऐश्वर्या माळीच्या हातावर आम्लाची बाटली सांडली. उजवा हात मनगटापर्यंत भाजला, तीन बोटं आखडली. चौकशी पर्यवेक्षिका सामंत बाईंनी केली. माझ्याच मशीनवर बसून तीन दुपारी एका बोटानं अहवाल टाइप केला आणि मला म्हणाल्या, "शेटे, बाहेर बसा, गोपनीय आहे." मी बाहेर बसले. अहवाल संपवून बाई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. आज तो अहवाल वाचून श्रीपतीला कामावरून काढायचं ठरलं होतं. निष्काळजीपणा. एकोणीस वर्षांची नोकरी, घरी आंधळी आई. मुलीच्या वडिलांना मुद्दाम बोलावलं होतं, त्यांचं समाधान व्हावं म्हणून.

मी लिब्रे ऑफिसमध्ये फाइल उघडली.

आणि पान लाल झालं. पहिलं पान ठीक, दुसऱ्यावर ओळीच्या ओळी लाल रंगात, त्यांवर आडवी रेघ मारलेली. मला वाटलं, झालं, घेतलं यानं आणि काही तरी डोक्यावर. मग मी वाचलं.

"सदर तासिकेत विषयशिक्षक प्रयोगशाळेत उपस्थित नव्हते." रेघ. "बाटलीचे बूच खराब असल्याबाबत परिचरांनी दोन वेळा लेखी कळविले होते." रेघ. "त्यावर शाळेने कार्यवाही केली नाही." रेघ. आणि त्यांच्या खाली नवं वाक्य, लाल, अधोरेखित. "परिचरांनी बाटली निष्काळजीपणे हाताळण्यास दिली."

मला उमगायला थोडा वेळ लागला. फेरफाराची नोंद ठेवायची सोय कुलदीप सरांनीच सामंत बाईंना अहवाल टाइप करून झाल्यावर चालू करून दिली होती, नंतर खोडलेलं दिसावं म्हणून. नंतर कोणी तरी वाक्यं खोडली, लाल रंग खुपला म्हणून तो झाकायचं बटण दाबलं, आणि झाकलं म्हणजे गेलं असं समजून निघून गेला. वर्ड ते झाकून दाखवत होतं. या फुकट्यानं झाकण काढलं.

विषयशिक्षक म्हणजे कोण, हे सगळ्या गावाला माहीत होतं. दादासाहेबांचा भाचा. तासाला वर्गात थांबण्यापेक्षा गेटवर फोनवर बोलत उभा असायचा.

"पाच मिनिटं झाली!" आतून आवाज आला.

मी श्रीपतीकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, घंटेच्या दोरीकडे बघत होता. मला त्याची दया आली नाही. मला राग आला. महिनाभर मी या लोकांच्या शिव्या खात होते की तुमच्यामुळं कागद बिघडतात, आणि कागद बिघडवणारे आत पंख्याखाली बसून चहा पीत होते. जसं उघडतंय तसं छापा ना? बरं.

मी पाच प्रती छापल्या. काळ्या शाईत, पण रेघ मारलेलं न् मारलेलं अक्षर वाचता येत होतं. आत नेऊन प्रत्येकासमोर एक एक ठेवली आणि दारापाशी उभी राहिले.

दादासाहेब चष्मा लावून वाचायला लागले. दुसऱ्या पानावर थांबले. संचालकांपैकी एक जण झोपेतून उठल्यासारखा ताठ बसला. मुलीचे वडील, बाबासो माळी, रोपवाटिका चालवणारा साधा माणूस. तो ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचत होता, आणि त्याचं बोट एका जागी थांबलं ते हलेना.

"खराडे, हे काय आहे?" दादासाहेब म्हणाले.

खराडे सरांनी बघितलं. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला, पण माणूस पट्टीचा. "साहेब, हे त्या लिनक्समुळं! ते सगळंच बिघडवतंय. आपल्या मनानं काहीही घालतं. मी म्हटलं होतं ना?"

"आपल्या मनानं मास्तर गैरहजर घालतंय?" माळी म्हणाला.

"अहो, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. कुलदीप सरांना बोलवा."

कुलदीप सर वर्गावरून आले. बिचारा सरळ पोरगा. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यानं कागद बघितला आणि खूशच झाला. "नाही सर, सॉफ्टवेअर स्वतः काही लिहीत नाही. हे फेरफार माणसानंच केलेत. कोणी केले तेही दिसतं, कधी केले तेही. या, दाखवतो."

सगळी वरात माझ्या टेबलाभोवती आली. कुलदीप सरांनी खोडलेल्या ओळीवर माऊस नेला. एक छोटी पिवळी चौकट उघडली. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि शेवटी आवाज बारीक झाला.

"हटवले... इंदुमती शेटे. अठरा ऑगस्ट. दुपारी एक चाळीस."

मी माझं नाव वाचलं. तेच, हौसेनं टाइप केलेलं. काय झालं ते क्षणात कळलं. माझ्या मशीनवर कोणीही बसून वर्डमध्ये काहीही केलं की त्यावर माझंच नाव पडणार होतं. श्रीपतीला टांगायला बांधलेली दोरी आता माझ्या गळ्यात आली होती.

खराडे सरांना जीव आला. "मॅडम! तुम्ही? गोपनीय अहवालात हात घातला?"

"मी नाही केलं."

"नाव तुमचं आहे."

"मी त्या दिवशी दुपारी ऑफिसात नव्हतेच!"

"अठरा तारीख, गुरुवार," दादासाहेब शांतपणे म्हणाले. "लोहार, मस्टर आण."

आता आमच्या ऑफिसातली एक रीत सांगायला हवी. कोणी अर्धा दिवस सटकलं, कोणी यायलाच चुकलं, तर मस्टरमधला चौकोन रिकामा राहायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तो गुपचूप भरायचा. अर्ज नाही, रजा नाही. सगळेच करायचे. खराडे सर तर आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम ठोकायचे. कोणाला त्यात खोटं वाटायचं नाही, भाजीवाल्याकडून कढीपत्ता फुकट घेण्यासारखं ते होतं.

श्रीपती मस्टर घेऊन आला. दादासाहेबांनी पान काढलं. गुरुवार अठरा, शेटे इं. बा., येतानाची सही, जातानाची सही. दोन्ही झोकदार. शुक्रवारी सकाळी केलेल्या.

"सही तुमची?"

"हो."

"मग तुम्ही हजर होता."

मी खराडे सरांकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. दुनियेत कोणाला नसेल, पण त्यांना होतं. त्या गुरुवारी दुपारी दीडच्या सुमाराला त्यांनीच मला फोन केला होता. "मॅडम, कुठाय तुम्ही? मशीनचा पासवर्ड सांगा." आणि मी जिन्यात उभी राहून सांगितला होता, कांदेपोहे, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता.

"सर, तुम्ही फोन केला होता मला. पासवर्ड विचारायला. सांगा ना."

"मला असं काही आठवत नाही," खराडे सर म्हणाले. माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघून.

श्रीपती मस्टर धरून उभा होता. त्यालाही माहीत होतं. गुरुवारी रोजच्यासारखं मस्टर त्यानंच फिरवलं होतं आणि माझा चौकोन रिकामा बघितला होता. त्याची भाकरी जात होती, आणि तो ब्र काढत नव्हता.

मी गप्प बसू शकले असते. म्हणू शकले असते की नजरचुकीनं झालं असेल, टाइप करताना हात लागला असेल. दोन दिवस कुरबुर झाली असती, मला समज मिळाली असती, श्रीपती घरी गेला असता. खराडे सर तेवढीच वाट बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या चेहऱ्याची मला इतकी शिसारी आली की बोलायचं ठरवण्याआधीच मी बोलून गेले.

"ही सही खोटी आहे."

"काय?"

"माझीच आहे, पण खोटी आहे. मी शुक्रवारी केली. गुरुवारी अकराला मी शाळेतून निघाले ते परत आले नाही."

"आणि कुठं होता?"

एकेचाळीस वर्षांची बाई मी, घरी सासू, कॉलेजात जाणारा मुलगा. पुरुषांनी भरलेली खोली.

"मिरजेला. सिनेमाला."

कोणी तरी खाकरलं. खराडे सर हसले, अगदी मोकळेपणानं. "ऐका साहेब! नोकरीच्या वेळात सिनेमा! कोणाबरोबर, ते विचारायचं का आता?"

"एकटी!" मी ओरडले. त्या ऑफिसात पहिल्यांदा. "महिन्यातून एका गुरुवारी जाते. एसटीनं जाते, बाराचा खेळ बघते, एसटीनं येते. सहा वर्षं झाली. आणि फोन आला तेव्हा मध्यंतर होतं, मी जिन्यात होते, वडा खात होते. अजून काय काय सांगू?"

दादासाहेबांनी मस्टर मिटलं. "बाई, उद्या कोणीही म्हणेल मी सिनेमाला होतो. पुरावा आहे?"

नव्हता. तिकिटाचं चिटोरं मी थिएटरच्या दारातच टाकून यायची, घरात सापडू नये म्हणून.

तेव्हा बाबासो माळी बोलला. इतका वेळ तो कागदावरचं बोट न उचलता बसला होता, तसाच तो कागद घेऊन टेबलापाशी आला होता.

"साहेब, म्या अडाणी हाय. पर मला एक सांगा. खोटंच बोलायचं असतं तर बाईंनी दवाखाना सांगितला असता की. चार पुरुषांत सिनेमा कोण सांगल?"

माळी खराडे सरांकडे वळला.

"आन् त्या मास्तरावरची ओळ खोडून बाईंचा काय फायदा? त्यो काय बाईंचा भाचा हाय? माझी पोर दवाखान्यात पयल्या दिवशी म्हणाली, बाबा, सर नव्हतं वर्गात. तुमी म्हणाला, पोर भ्यालीय, कायबी बोलतीय. ती डाव्या हातानं लिवायला शिकतीय आता. आन् तुमी मला ह्यो कागद ऐकवायला बोलावलंय?"

त्यानं घडी घालून ती प्रत सदऱ्याच्या खिशात ठेवली. खराडे सर पुढं झाले, "ती प्रत परत द्या, गोपनीय आहे." माळीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि सर मागं सरकले. माळी गेला तो सरळ शिक्षणाधिकाऱ्यांकडे.

पुढचं थोडक्यात सांगते. सामंत बाईंना पुण्याहून बोलावलं गेलं, त्यांनी आपलं मूळ लेखन कबूल केलं. भाच्याला निलंबित केलं. खराडे सरांनी "नजरचुकीनं" असं लिहून दिलं आणि खुर्ची टिकवली, असली माणसं टिकतातच. श्रीपतीची नोकरी राहिली. आणि सगळ्यांत वेगानं निकाल लागला तो माझा. मस्टरमध्ये खोटी सही केल्याबद्दल सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद. ती निवृत्त होईपर्यंत माझ्याबरोबर राहिली. सासूबाईंनी पंधरा दिवस अबोला धरला. बाजारात बायका विचारायच्या, "काय इंदूताई, कुठला लागलाय आता?" पंधरा दिवसांनी माझ्या मशीनवर विकत घेतलेलं विंडोज आलं. त्यासाठी मात्र लगेच मंजुरी मिळाली.

श्रीपतीनं आभार मानले नाहीत. मलाच राहवलं नाही, एक दिवस मस्टर घेऊन आला तेव्हा मी विचारलं, "माझा चौकोन रिकामा होता हे तुला माहीत होतं. त्या दिवशी बोलला का नाहीस? तुझीच नोकरी जात होती ना?"

"सही तुमची हुती," तो म्हणाला. "ती खोटी म्हणायची का खरी, ते तुमी सांगायचं. म्या कसं सांगू?"

आणि मस्टर उचलून गेला.

त्यानंतर मी सिनेमाला जाणं सोडलं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका सकाळी श्रीपतीनं मस्टर माझ्यासमोर ठेवलं, आणि त्याच्यावर एक कोरा छापील कागद. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज. असा अर्ज आमच्या शाळेत छापलेला आहे हेच मला माहीत नव्हतं, कुठल्या कपाटातून शोधून काढला देव जाणे.

"हे काय?"

"बेस्तरवार हाय आज."

माझा असा संताप झाला. तू कोण माझ्या गुरुवारांचा हिशेब ठेवणारा? सगळ्या गावानं माझी शोभा केली, आता तूही? हे सगळं ओठांवर आलं होतं. पण तो घंटा द्यायला निघूनही गेला होता.

मी पेन घेतलं. नाव, हुद्दा, दिनांक. मग रजेचं कारण. आमच्याकडे कोणी कधी रजा घेतलीच तर त्या रकान्यात "घरगुती काम" असं लिहायचं, सगळे तेच लिहायचे. मी "सिनेमा" असं लिहिलं. केबिनमध्ये गेले आणि अर्ज खराडे सरांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी वाचला. परत वाचला. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सही करा सर," मी म्हटलं, "मला अकराची गाडी धरायचीय."